हाराजुकूत रंग बघत फिरताना

गुरुवार

टोकियोतल्या हाराजुकू स्टेशनची ती जुनी लाकडी इमारत आता राहिली नाही. १९२४ सालची, उतरत्या छपराची, युरोपातल्या एखाद्या गावातून उचलून आणल्यासारखी ती इमारत मी कितीतरी फोटोंत पाहिली होती. २०२० साली शेजारी काचेचं नवं स्टेशन सुरू झालं आणि जुनं उतरवलं गेलं. मी मात्र या स्टेशनात उतरलेच नाही. मामेबहीण निशी-कासाईला राहते. तिथून तोझाई लाइनने ओतेमाची, तिथे चियोदा लाइन पकडून मेइजी-जिंगुमाए, आणि जमिनीखालून वर आलं की समोर ओमोतेसांदोचा रुंद रस्ता. दोन्ही बाजूंना केयाकीची उंच झाडं, नोव्हेंबरमुळे पिवळी-तांबूस झालेली.

पुण्यात मी मुलांच्या नाटकांची वेशभूषा करते. येत्या उन्हाळ्यात जंगलातल्या प्राण्यांचं एक नाटक करायचं आहे आणि मुखवटे, शेपट्या, कागदी कान या नेहमीच्या वाटेने मला यंदा जायचं नाही. हाराजुकूच्या रस्त्यावरची पोरं इतके रंग एकावर एक चढवूनही डोळ्यांना त्रास का देत नाहीत, हे मला प्रत्यक्ष पाहायचं होतं. फोटोत रंग दिसतात. शिवण दिसत नाही, कापडाची जाडी दिसत नाही, माणूस चालू लागला की काय होतं तेही दिसत नाही.

आधी चौकात उभी राहून जागा समजून घेतली. महायुद्ध संपल्यावर इथून जवळच, आज योयोगी पार्क आहे तिथे, अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांची वसाहत होती. तिचं नाव वॉशिंग्टन हाइट्स. त्या कुटुंबांसाठी ओमोतेसांदोवर दुकानं उघडली. खेळण्यांचं किडीलँड त्याच काळातलं, आणि ते अजून आहे. १९६४च्या ऑलिंपिकसाठी ती जमीन जपानला परत मिळाली, तिथे खेळाडूंचं गाव वसलं आणि पुढे बाग झाली. याच चौकात सेंट्रल अपार्टमेंट नावाची इमारत होती. छायाचित्रकार, डिझायनर, जाहिरातवाले अशी मंडळी तिथे स्टुडिओ थाटून बसायची. परदेशी वस्तू, कलावंतांचं येणंजाणं आणि चालायला ऐसपैस रस्ता, असं सगळं एका जागी जुळून आलं. फॅशन इथे वरून कोणी आणून टाकलेली नाही, ती या चौकात रुजली. शेजारीच कॅट स्ट्रीट नावाची वळणावळणाची गल्ली आहे. तिच्याखालून शिबुया नदीचा प्रवाह जातो. ऑलिंपिकच्या सुमारास तो झाकला आणि वर चालायची वाट झाली. गल्लीला ती वळणं नदीने दिलेली आहेत.

ताकेशिता दोरी ही जेमतेम साडेतीनशे मीटरची अरुंद गल्ली पर्यटकांनी भरलेली असते. क्रेप, मोजे, स्वस्त टी-शर्ट. तळमजल्यावर माझं मन रमलं नाही. अरुंद जिन्याने वर गेलं की खरी दुकानं लागतात, हे मात्र आजच कळलं.

शुक्रवार

भाचीची शाळा सुटल्यावर ती आणि तिची आई, दोघीही बरोबर आल्या. भाची इथेच वाढली. जपानी फाडफाड बोलते आणि माझ्याशी मराठी बोलताना मध्येच थांबून शब्द शोधते. "मावशी, तुला फ्रिलवाले ड्रेस बघायचे ना? चल," म्हणून तिनेच हात धरून नेलं.

जिना चढून आम्ही जुन्या लोलिता कपड्यांच्या एका दुकानात गेलो. लोलिता म्हणजे गुडघ्यापर्यंतचा घेरदार झगा, आत फुगवणारा पेटीकोट, गळ्यापर्यंत बंद ब्लाउज आणि डोक्यावर बो किंवा बॉनेट. या पंथातलं बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट हे घर, म्हणजे ब्रँड, १९८८ सालचं. माना या संगीतकाराने १९९९ साली काळ्या गॉथिक कपड्यांचं स्वतःचं घर काढलं. दुकानातला प्रत्येक झगा पारदर्शक पिशवीत होता आणि कुठे डाग आहे, कोणतं बटण बदललं आहे, हे चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. दुकानातल्या बाईंनी हात पुसायला रुमाल दिला आणि एक झगा उलटा करून पाहायची परवानगीही दिली.

त्या एका झग्यासमोर मी बराच वेळ उभी होते. आकाशी कापडाच्या घेरावर खालच्या कडेने चित्र छापलेलं: कारंजी, ससे, चहाच्या किटल्या. शिवणारीने कापड आडवं धरलं होतं. तागा जसा उलगडतो त्या दिशेने घेर आणि किनारीचं चित्र बरोबर दुमडीच्या वर. वर चुण्या पडल्या तरी चित्र चुरगळत नव्हतं, कारण चुण्या कमरेपाशीच संपत होत्या आणि खाली येईतो कापड मोकळं होत होतं. ससा कुठे अर्धा कापला गेला नव्हता. बाजूच्या शिवणीवर कारंज्याचा डावा भाग उजव्या भागाला नेमका मिळाला होता. पाठीवर इलॅस्टिक दोऱ्याच्या बारीक ओळी टाकून आखूड झालेलं कापड, म्हणजे बारीक आणि जाड दोघींनाही तो झगा बसेल. वरून बांधायला रिबीन. अस्तर आतून सुती. लेस दोन प्रकारची, पण दोन्ही एकाच पांढऱ्यातली.

हा झगा मशीनवर शिवलेला आहे, पण तो बेतणाऱ्याच्या डोक्यात आधी चित्र नव्हतं, आधी घेर होता. चित्रकाराला बहुधा सांगितलं असणार की इतकी जागा चुण्यांत जाणार, तू या पट्ट्यातच काढ. आमच्याकडे नाटकाचे कपडे करताना हे उलटं होतं. छापील कापड आधी आणतो आणि मग त्यावर कात्री चालवतो.

परतताना गाडीत हायस्कूलच्या मुली दिसल्या. निळा ब्लेझर, चौकड्यांचा प्लीटचा स्कर्ट, काळे बूट. सगळ्या एकसारख्या. बहीण म्हणाली, "ताई, इथल्या शाळांत केसांचा रंग काळाच हवा असाही नियम असायचा." टोकियोच्या सरकारी हायस्कूलांनी तो नियम २०२२ साली काढला. एकीच्या दप्तराला मात्र छोट्या भरलेल्या बाहुल्यांचा घोस लटकत होता. गणवेशाला हात न लावता जेवढं करता येईल तेवढं तिने केलं होतं.

शनिवार

तोझाई लाइनच्या काही गाड्या पुढे चुओ मार्गावर जातात, त्यामुळे निशी-कासाईहून कोएन्जीला गाडी न बदलता पोचता येतं. इथली गल्ल्यागल्ल्यांतली दुकानं जुन्या कपड्यांची. अमेरिकेतले सत्तर-ऐंशीच्या दशकांतले स्वेटर, लहान मुलांच्या कार्टूनची चित्रं असलेले टी-शर्ट, कामगारांच्या डेनिम. फिकट गुलाबी, पुदिना, लव्हेंडर अशा रंगांची फेअरी-केई ही शैली याच भागातल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांभोवती वाढली. ऐंशीच्या दशकातली खेळणी आणि कपडे एकत्र करून ती उभी राहिली. म्हणजे कुणी तरी टाकून दिलेल्या बालपणाचे रंग.

एका दुकानात दोन शर्ट उभे चिरून एकमेकांना जोडलेले होते. डावीकडे चौकडा, उजवीकडे फुलं. बाह्या तिसऱ्याच कापडाच्या. जोडणी आतून ओव्हरलॉक न करता पट्टी लावून झाकली होती. किंमत नव्या शर्टापेक्षा जास्त होती आणि ती मला रास्त वाटली.

दुपारनंतर शिमोकिताझावाला गेले. तिथेही जुन्या कपड्यांची दुकानं आहेत, पण गर्दी फार आणि पाय थकलेले. कॉफी घेऊन परत आले.

रविवार

आज सकाळी मेइजी जिंगूच्या देवळात. १९२० साली हे देऊळ उभारलं तेव्हा देशभरातून सुमारे एक लाख झाडं भेट म्हणून आली आणि त्यांचं हे जंगल झालं. नोव्हेंबरात इथे शिची-गो-सान असतं. तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना सजवून देवाला आणतात. लाल किमोनोवर जाड भरलेलं बिनबाह्यांचं जाकीट घातलेली तीन वर्षांची पोरगी, हाकामा म्हणजे चुण्यांचा पायघोळ पायजमा घातलेला पाच वर्षांचा पोरगा, आणि सात वर्षांच्या मुलींच्या कमरेला मोठ्यांसारखा ओबी, म्हणजे रुंद कमरपट्टा. परंपरेने सातव्या वर्षी तो पहिल्यांदा बांधतात. हातात चितोसे-आमे नावाच्या लांब गोळ्यांच्या पिशव्या, पिशवीवर करकोचा आणि कासव. एका मुलीच्या किमोनोवर हिरवा, नारिंगी, जांभळा, सोनेरी, सगळंच होतं. पण गळ्यापाशी आतल्या कापडाची जी बारीक कड दिसते ती पांढरी होती, आणि त्या बोटभर पांढऱ्यामुळे चेहरा स्वच्छ उठून दिसत होता. मी वहीत तेवढंच लिहिलं.

तोरी, म्हणजे देवळाची कमान, ओलांडून बाहेर आलं की लगेच जिंगू पूल. या पुलावर एके काळी दर रविवारी गॉथिक आणि बँडच्या चाहत्यांचे घोळके बसायचे. आणि याच रस्त्यावर त्याहून मोठी गोष्ट घडून गेली आहे. १९७७ साली इथला रस्ता रविवारी गाड्यांना बंद करायला सुरुवात झाली. होकोतेन म्हणायचे, पादचाऱ्यांचा स्वर्ग. १९७८ साली ताकेशिता दोरीवर ताकेनोको नावाचं बुटीक उघडलं, आणि तिथले ढगळ सलवारींसारखे चमकदार कपडे घालून पोरं या बंद रस्त्यावर टेपरेकॉर्डर लावून गोलात नाचायला लागली. त्यांना ताकेनोको-झोकू म्हणू लागले. त्याच १९७८ साली चौकात लाफोरे हे दुकानांचं संकुल उघडलं आणि नवख्या डिझायनरांना तिथे जागा मिळाली. १९९८ साली होकोतेन बंद झालं. वाहतूक, आवाज, कचरा अशा तक्रारी होत्या. मला विचाराल तर एका शहराने आपल्या पोरांना आठवड्यातून एक दिवस रस्ता दिला, यातून जे निघालं ते कुठल्याही फॅशनच्या शाळेतून निघालं नसतं. नटायला आरसा पुरतो. शैली व्हायला मात्र बघणारे लागतात, रोज तेच तेच बघणारे, जे पुढच्या रविवारी त्यात भर घालून येतील.

हे बघणं कागदावर उतरवलं शोइची आओकी यांनी. १९९७ साली त्यांनी फ्रूट्स नावाचं मासिक काढलं. पानभर एकच फोटो: रस्त्यावर उभा पूर्ण माणूस, खाली वय, कपडे कुठून घेतले, आवडतं संगीत. कपड्यांच्या यादीत अनेकदा लिहिलेलं असे की हे स्वतः केलं. हा तपशील मला फार मोलाचा वाटतो. मासिकाने मॉडेल आणले नाहीत, करणारेच छापले. २०१७ साली ते थांबलं. फोटो काढावा अशी पोरं आता फारशी दिसत नाहीत, असं आओकींनी कारण दिलं. २००८-०९च्या सुमारास इथे मोठ्या परदेशी कंपन्यांची स्वस्त कपड्यांची दुकानं आली, मग फोन आले आणि नटलेला माणूस घरातूनच फोटो टाकायला लागला.

तरी हाराजुकू संपलं असं मी म्हणणार नाही. योयोगी पार्कच्या फाटकाशी दुपारी रॉकबिली मंडळी, म्हणजे जुन्या रॉक-अँड-रोलचे चाहते, नाचत होती. केस तेलाने उंच फुगवलेले, काळी कातडी जाकिटं, काळ्या जीन्स. बूट डांबरी रस्त्यावर घासून फाटलेले आणि चांदीसारख्या चिकटपट्टीने गुंडाळलेले. पन्नाशी उलटलेले गृहस्थ गुडघ्यावर घसरत होते. त्यांच्या अंगावर एकच रंग, काळा. पण तो इतक्या काटेकोरपणे पाळलेला की बाजूने जाणारा लाल स्वेटर एकदम फिका वाटला.

ताकेशिता दोरीच्या तोंडाशी देकोरा पोशाखातल्या चौघीजणी भेटल्या. देकोरा म्हणजे अंगभर सजावट. केसांत क्लिपा, गळ्यात प्लास्टिकचे मणी, मनगटावर बांगड्या, पायात एकावर एक मोजे. नव्वदीच्या दशकात ही शैली बहरली. सेबास्तियन मासुदा यांनी १९९५ साली ६% दोकीदोकी हे दुकान काढलं तेही या झगझगीत रंगांचंच. २०११ साली क्यारी पाम्यू पाम्यू या गायिकेच्या पोनपोनपोन गाण्याचा व्हिडिओ जगभर पाहिला गेला, त्याचं कलादिग्दर्शन मासुदांचं. त्या चौघी चालत आल्या तेव्हा आधी आवाज आला. प्लास्टिकवर प्लास्टिक आपटण्याचा, हलका आणि सतत. फोटोत हा आवाज कधीच कळला नसता.

बहिणीने वाकून परवानगी विचारली. मी पुण्याहून आले, मुलांच्या नाटकाचे कपडे करते, असं सांगितलं. त्यातली एक लगेच बसकण मारून पाय पुढे करून दाखवायला लागली. आधी मोजे ठरतात, ती म्हणाली. आज खालचे मोजे पिवळ्या-गुलाबी पट्ट्यांचे होते. मग त्या पट्ट्यांतले दोनच रंग वर चढत जातात, स्कर्टच्या जाळीत, बाहीच्या कडेला आणि क्लिपांत. तिसरा रंग एकाच जागी. आज तो हिरवा होता आणि फक्त नाकावरच्या चिकटपट्टीवर होता. ती छोटी रंगीत पट्टी, लहान मुलांच्या जखमेवर लावतात तशी. कपाळावरच्या क्लिपांच्या ओळी तिने मोठ्याकडून लहानाकडे लावल्या होत्या, कानाच्या दिशेने. वेळ किती लागतो, असं विचारलं तर म्हणाली, क्लिपांना सगळ्यात जास्त. गळ्यातली एक माळ तिने शंभर येनच्या दुकानातल्या लहान मुलांच्या पाट्या-पेन्सिलींच्या खोक्यातून केली होती. भोकं पाडून दोरा ओवला होता.

मग माझ्या लक्षात आलं की शुक्रवारपासून मी एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपांत पाहत होते. प्रत्येकाचा एक नियम आहे, आणि तो त्याने स्वतः स्वतःला घालून घेतला आहे. लोलिताला घेराचा नियम, रॉकबिलीला काळ्याचा, देकोराला मोज्यांपासून वर जाण्याचा. रंग कितीही असोत, नियम एकच असतो, म्हणून डोळा चुकत नाही. शाळेचा नियम बाहेरून येतो. हा आतून येतो आणि तो मोडायचा की नाही हेही ज्याचं तोच ठरवतो.

सोमवार

निप्पोरीची कापडगल्ली म्हणजे जपानी मंगलदास मार्केट. स्टेशनपासून सुमारे एक किलोमीटर दोन्ही बाजूंना दुकानं, नव्वदच्या आसपास: कापड, लेस, बटणं, चामडं, झिपा, शिवणाच्या कात्र्या. तोमातो हे सगळ्यांत प्रसिद्ध दुकान, शंभर येनला मीटर अशा तुकड्यांसाठी लोक तिथे रांग लावतात. कापणाऱ्या बाई टेबलावर कापड पसरतात, पितळी पट्टीशी कड जुळवतात आणि कात्री एका दमात सरळ नेतात. काही तरुण मुलं-मुली हातात नक्षीची वही घेऊन रिबिनी निवडत होती. शिंजुकूजवळ बुंका फॅशन कॉलेज आहे, जिथे केन्झो ताकादा आणि योहजी यामामोतो शिकले. ही पोरं तिथलीच असतील का, असा विचार मनात आला, पण विचारलं नाही.

मी घेतलं: चमक नसलेलं जाड सुती कापड चार रंगांत, ट्यूलची जाळी, आणि बटणांच्या दुकानातून मोठी प्लास्टिकची बटणं, किलोवर. लेस घेतली नाही. ती आपल्याकडेही मिळते.

मंगळवार

सोमवारी राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं, म्हणून उएनोला आज. जपानी दालनात एदो काळातले, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातले, कोसोदे हे जुने किमोनो पाहिले. त्या काळात सरकारने नागरिकांच्या कपड्यांवर वेळोवेळी बंधनं घातली, भडक रंग आणि महाग रेशीम नको म्हणून. मग शहरातल्या लोकांनी तपकिरी आणि करड्यांतच इतक्या छटा काढल्या की अठ्ठेचाळीस तपकिरी आणि शंभर करडे, असं म्हणायची रीतच पडली. बाहेरून साधा दिसणारा पुरुषी हाओरी, म्हणजे किमोनोवरचा अंगरखा, आतल्या अस्तरावर चित्र घेऊन फिरायचा. त्याही आधी, हेइआन काळातल्या दरबारी स्त्रिया अंगावर एकावर एक वस्त्रं घालत आणि बाहीच्या कडेला, गळ्याशी प्रत्येकाची फक्त पट्टी दिसे. कोणत्या ऋतूत कोणता रंग कोणावर, हे ठरलेलं असे. काल-परवाच्या मोज्यांच्या थरांकडे मी आता निराळ्या नजरेने पाहते. रंग पूर्ण दाखवायचा नाही, कड दाखवायची. हे जपानी हातांना कित्येक शतकांपासून माहीत आहे.

आशियाई कलेच्या दालनात भारतीय छापील सुती कापड दिसलं, कोरोमंडल किनाऱ्यावरचं. जपानात याला सारासा म्हणतात. पोर्तुगिजांची जहाजं गोव्याहून मकाऊमार्गे नागासाकीला जायची, नंतर डचांनी ही कापडं आणली. चहाच्या भांड्यांच्या पिशव्या, तंबाखूचे बटवे, आतले झगे यांसाठी लोक ती जपून वापरत. हिकोने इथल्या ई नावाच्या सरदार घराण्याने भारतीय सारासाचे शेकडो तुकडे जमवले होते आणि ते याच संग्रहालयाकडे आहेत. कापडावरचा तो लाल आणि त्यावरचा नीळ पाहून मी बराच वेळ हलले नाही. आपल्या रंगाऱ्यांच्या हातचा रंग इथे बोटभर तुकड्यांतसुद्धा जपला गेला. नाटकाच्या लालसाठी मी आता तोच लाल धरणार.

बुधवार

विमान रात्रीचं. दिवसभर बहिणीच्या घरी वही पुरी केली. भाचीला विचारलं, तुला प्राणी व्हायचं तर काय घालशील? ती म्हणाली, "मावशी, आधी प्राणी सांग, मग मोजे."

नाटकातला प्रत्येक प्राणी आता मोज्यांपासून सुरू होणार. मोराला शेपूट नाही. त्याच्या पायांत निळा-हिरवा आणि फक्त मनगटांवर तांबूस. माकडांची टोळी गणवेशात, सगळी तपकिरी, पण तपकिरीच्या सहा छटा, आणि सदऱ्याच्या अस्तरावर प्रत्येकाने स्वतः काढलेलं चित्र, उडी मारली तरच दिसेल असं. कोल्ह्याच्या माळेत खरंच आवाज येईल अशी बटणं. कोणत्या मुलाला कोणता रंग हे मी ठरवणार नाही. पहिल्या तालमीला जमिनीवर तागे, बटणं आणि कात्र्यांच्या जोडीला शिवणाऱ्या काकूंनाही बसवते. प्रत्येकाला एक नियम सांगायला लावायचा, आपल्या प्राण्याचा. आई-वडिलांना घरून फाटके मोजे, तुटलेल्या बांगड्या, एका पायाची चप्पल, जे असेल ते पाठवायला सांगते आहे. तो निरोप विमानात बसण्याआधी गटावर टाकला.